रेकी म्हणजे काय रे भाऊ?

हल्ली पेपर उघडला की आतल्या पानावर एक शब्द हमखास भेटतो. 'चोरट्यांनी आधी बंगल्याची रेकी केली होती.' 'संशयितांनी दोन दिवस बँकेची रेकी केल्याचे तपासात उघड.' टीव्हीच्या बातम्यांत तर रेकीशिवाय गुन्हा पूर्णच होत नाही की काय, असं वाटावं! तोच शब्द आपल्या हॉस्टेलवरही आहे. जेवणाआधी एकीला मेसमध्ये पाठवायचं, तिनं पातेल्याचं झाकण उचलून बघायचं आणि जिन्यातूनच ओरडायचं, "वांगं!" झाली मेसची रेकी. मग अर्धी विंग वडापावच्या गाडीकडे. आणि स्थापत्य शाखेच्या पोरांना हाच शब्द सर्व्हेइंगच्या पुस्तकात पूर्ण नावानं भेटतो, रिकॉनिसन्स सर्व्हे. तिथं तो पाच मार्कांची शॉर्ट नोट असतो.

चोराची रेकी, मेसची रेकी आणि रस्त्याची रेकी. शब्द एकच, पण तिन्हींचा अर्थ एकच का? आणि आपल्या मराठीत याला शब्द नाही का? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग आधी कळतं आणि मराठी भावंडं नंतर भेटतात. पण ती भेटली की मजा येते. या लेखात त्या सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची आहे.

जन्मकुंडली

आधी स्पेलिंग. आर, ई, सी, ओ, मग डबल एन, ए, आय, डबल एस, ए, एन, सी, ई. दोन्ही डबल अक्षरं लक्षात ठेवली की स्पेलिंग चुकत नाही. उच्चार 'रिकॉनिसन्स', जोर 'कॉ' वर. हे झालं नाम. याचं क्रियापद वेगळं आहे, 'रेकनॉयटर'. म्हणजे जाऊन पाहून येणे. हे क्रियापद इंग्रजीत आधी आलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. नाम आलं त्यानंतर शंभरेक वर्षांनी, नेपोलियनच्या लढायांच्या काळात. दोन्ही आले फ्रेंचमधून. पुढे दोन महायुद्धं झाली, आणि युद्धात एवढा लांबलचक शब्द उच्चारायला वेळ कुणाला? इंग्रजांनी त्याचा 'रेकी' केला आणि अमेरिकनांनी 'रीकॉन'. आपल्याकडं इंग्रजांचं राज्य, म्हणून आपल्या फौजेत आणि तिथून आपल्या बोलण्यात 'रेकी' आला. 'रीकॉन' फक्त इंग्रजी सिनेमात ऐकू येतो.

या रेकीचं इंग्रजी स्पेलिंग आर, ई, डबल सी, ई. ते पाहून काही जण 'रेसी' वाचतात. तसं नाही, 'रेकी'च.

आता मूळ बघू. फ्रेंच शब्द आला लॅटिनमधून, आणि लॅटिनमधल्या शब्दाचा अर्थ 'पुन्हा ओळखणे'. इंग्रजीतला 'रेकग्नाइज' हा त्याचाच सख्खा भाऊ. यातलं 'ग्नो' म्हणजे जाणणं. इंग्रजीत 'नो', म्हणजे माहीत असणे, या शब्दाच्या सुरुवातीला एक मुका 'के' असतो. लहानपणी सगळ्यांना पडलेला प्रश्न, की उच्चारायचा नाही तर लिहायचा कशाला? तर तो 'के' म्हणजे या 'ग्नो'चीच खूण. आणि आपलं संस्कृतातलं 'ज्ञा' हे त्याच घराण्यातलं. ज्ञान, विज्ञान, जाणणे, जाणीव, सगळे त्यातून आलेले. म्हणजे रेकी आणि ज्ञान हे लांबचे का होईना, पण नातेवाईक आहेत!

आणखी एक गंमत. आजच्या फ्रेंचमध्ये याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, कृतज्ञता. आपल्या 'कृतज्ञ' शब्दाची फोड करा, केलेलं जाणणारा. म्हणजे उपकार मानणं हेसुद्धा एक प्रकारचं 'जाणणं' आहे, असं दोन्हीकडच्या लोकांना वाटलं.

दुसरी रेकी

इथं एक घोटाळा आधीच मिटवायला हवा. 'रेकी शिका, दोन दिवसांत प्रमाणपत्र' अशी जाहिरात आपण बसस्टँडजवळ पाहिलेली असते. ती रेकी जपानी. 'रेई' आणि 'की' या दोन जपानी शब्दांची ती जोडी, त्यातल्या 'की'चा अर्थ प्राणशक्ती. मिकाओ उसुई यांनी 1922 साली जपानमध्ये ही हात ठेवून करायची उपचारपद्धती सुरू केली. इंग्रजीत दोन्हींची स्पेलिंग अगदी वेगळी आहेत. देवनागरीत मात्र दोन्ही रेकी. त्यामुळे 'माझी मावशी रेकी करते' असं कुणी म्हणालं तर लगेच पोलिसात जाऊ नका!

स्काउट म्हणजे कानोसा घेणारा

रेकीला जो माणूस जातो तो स्काउट. शाळेत आपण स्काउट-गाइडमध्ये होतो, स्कार्फ बांधला, गाठी मारल्या, शेकोटीभोवती नाचलो. पण स्काउट म्हणजे काय हे फारसं कुणी सांगत नाही. हा शब्दही जुन्या फ्रेंचमधला आणि त्याचा मूळ अर्थ 'ऐकणे'. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून छाती तपासतात त्याला इंग्रजीत 'ऑस्कल्टेशन' म्हणतात. ते आणि स्काउट एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. म्हणजे स्काउट हा मुळात बघणारा नव्हे, ऐकणारा.

आणि मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे पाहा. कानोसा घेणे! त्यात चक्क 'कान' आहे. दाराशी थांबून, श्वास रोखून, आत काय चाललंय ते ऐकणं. स्काउटला मराठी शब्द काय, असं कुणी विचारलं तर मी 'कानोसा घेणारा' असंच सांगेन.

स्काउट चळवळ काढणारे बेडन-पॉवेल हे स्वतः लष्करी अधिकारी होते. त्यांनी सैनिकांसाठी रेकीवर एक पुस्तक लिहिलं होतं. ते मुलंच आवडीनं वाचतात असं दिसलं, तेव्हा 1907 मध्ये त्यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं आणि 1908 मध्ये मुलांसाठी वेगळं पुस्तक काढलं. त्यातला एक खेळ आजही शिबिरांत चालतो. ताटात वीस-पंचवीस वस्तू ठेवायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, मग झाकायच्या आणि काय काय होतं ते लिहायला सांगायचं. किपलिंगच्या 'किम' कादंबरीवरून त्याला 'किम्स गेम' म्हणतात. हॉस्टेलच्या रूमवर खेळून बघा. आपलं लक्ष किती कमी असतं ते कळतं.

मराठीतली भावंडं

मराठीत या कामासाठी एक नव्हे, आठ शब्द आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पाहणी : उघडपणे, दिवसाउजेडी, बहुतेक वेळा अधिकारानं केलेली. पूरग्रस्त भागाची पाहणी, पिकांची पाहणी.

टेहळणी : उंचावरून किंवा आडोशातून, सावधपणे, लांबवर नजर ठेवून. म्हणून किल्ल्यावर टेहळणीचा बुरूज असतो, पाहणीचा बुरूज नसतो.

हेरगिरी : वेश पालटून, ओळख लपवून. सापडलं तर शिक्षा.

हेरणे : हेरगिरीचं मूळ, पण यात काही वाईट नाही. 'मोक्याची जागा हेरली', 'चांगली खेळाडू हेरली'. अनेकांतून नेमकं एक टिपणं.

पाळत : एकाच माणसावर किंवा घरावर, सलग. यात जाऊन परत येणं नसतं, तिथंच चिकटून राहणं असतं.

गस्त : ठरलेल्या वाटेनं फेरी मारणं, काही घडू नये म्हणून. रात्री रेक्टर मॅडम करतात ती गस्त, रेकी नव्हे. काय चाललंय ते त्यांना आधीच माहीत असतं!

कानोसा : वर आलाच आहे.

चाचपणी : अंधारात हातानं अंदाज घेणं. आता राजकारणात जास्त वापरतात, 'उमेदवारीची चाचपणी'.

मग रेकी कुठं बसते? पाहणी, टेहळणी आणि कानोसा यांच्या मधोमध. तिच्यात तीन गोष्टी लागतात. एक, पुढं काहीतरी करायचं ठरलेलं असतं. दोन, ते करण्याआधी थोडक्यात जाऊन बघायचं असतं. आणि तीन, परत येऊन सांगायचं असतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. परत येऊन सांगितलं नाही तर ती सहल झाली. मेसमध्ये गेलेली मुलगी तिथंच जेवायला बसली तर जिन्यात थांबलेल्यांना काय उपयोग?

आता व्याकरणाचा एक मुद्दा. पाहणी, टेहळणी, चाचपणी, हेरगिरी हे सगळे शब्द ईकारान्त आणि स्त्रीलिंगी. 'रेकी' शेवटी दीर्घ ई घेऊन आली आणि या बहिणींच्या रांगेत अलगद जाऊन बसली. म्हणून आपण न शिकवता 'रेकी केली' म्हणतो, 'रेकी केला' म्हणत नाही. तोच 'सर्व्हे' मात्र पुल्लिंगी झाला, 'सर्व्हे केला'. परक्या शब्दाला घरात घेताना भाषा त्याला कुठल्या रांगेत बसवते, हे बघण्यासारखं असतं.

आपल्याच मातीतली उदाहरणं

हे काम आपल्या सातारा-सांगलीला नवीन नाही. खानापूर तालुक्यातला बाणूरगड, म्हणजेच भूपाळगड, तिथं बहिर्जी नाईकांची समाधी दाखवतात. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. जानेवारी 1664 मध्ये महाराजांनी सुरतेवर छापा घातला, त्याआधी बहिर्जी सुरतेची माहिती काढून आले होते, असं सभासदाच्या बखरीत येतं. इतक्या लांबच्या, अनोळखी शहरात फौज न्यायची तर आधी कुणीतरी जाऊन परत आलेलं असावंच लागतं.

त्याआधी 1659 चा प्रसंग तर आपल्या वाईचा आणि जावळीचा. अफझलखानाचा तळ वाईला होता. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ बोलणी करायला खानाकडं गेले. पण बोलण्यांच्या आडून खानाच्या मनात नेमकं काय आहे हेही त्यांनी छावणीतून काढून आणलं, असं बखरकार सांगतात. खान मग प्रतापगडाखालच्या पारपर्यंत आला आणि 10 नोव्हेंबर 1659 ला पुढचं घडलं. खान पूर्वी वाईचा सुभेदार होता, म्हणजे मुलूख त्यालाही नवा नव्हता. पण वाईची मोकळी जमीन माहीत असणं वेगळं आणि जावळीचं जंगल माहीत असणं वेगळं.

त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 7 जून 1943 ला तुफान सेनेच्या लोकांनी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली, कारण तीत इंग्रज सरकारचा पगाराचा पैसा होता. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि मागं जाऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागंही दगड रचले. आता इंजिनियरच्या डोक्यानं विचार करा. कोणत्या गाडीत पैसा आहे, ती केव्हा येते, दगड कुठं मिळतील, पळायची वाट कोणती, हे आधी माहीत असल्याशिवाय असं काम होईल का? त्या काळात गणपती बाळा यादवांसारखे तरुण भूमिगतांना निरोप आणि जेवण पोचवत मैलोन् मैल फिरायचे. असे पाय नसते तर बातमी पोचलीच नसती.

याच काळातली नाना पाटलांच्या कन्या हौसाबाईंची गोष्ट. भवानीनगरच्या पोलीस ठाण्याबाहेर एका सहकाऱ्यानं नवरा असल्याचं सोंग घेऊन त्यांना मारहाण सुरू केली. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण हिला रेकी म्हणायचं नाही. ही हूल. हूल देणं म्हणजे समोरच्याचं लक्ष दुसरीकडं वळवणं, आणि रेकी म्हणजे आपलं लक्ष नेमकं जागेवर नेणं. ठाण्यात हत्यारं कुठं असतात हे आधी कळलं असेल तर ती रेकी, आणि दारातलं भांडण ती हूल.

सिलॅबसमधली रेकी

आता पाच मार्कांची शॉर्ट नोट. नवीन रस्ता आखायचा तर चार पायऱ्या. नकाशाचा अभ्यास, रिकॉनिसन्स, प्राथमिक सर्वेक्षण आणि शेवटी अंतिम आखणी. पहिल्या पायरीला टोपोशीट पुरते. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या शीटवर वीस मीटरच्या अंतरानं कंटूर असतात. त्यावर दोन-तीन वाटा पेन्सिलीनं काढायच्या. दुसऱ्या पायरीला त्या वाटांवरून खरोखर चालायचं. सोबत अॅबनी लेव्हल, क्लिनोमीटर, बॅरोमीटर अशी हलकी अवजारं. अचूक मोजायचं नाही, वाट निवडायची किंवा सोडायची एवढंच ठरवायचं. खिंड कुठं आहे, ओढे किती आडवे येतात, दरड कुठं सुटते, खडी कुठं मिळेल. वाईहून पसरणीचा घाट चढताना खिडकीतून बघा, रस्ता असाच का वळला याची उत्तरं डोंगरातच दिसतात.

कुणी म्हणेल, आता ड्रोन आहेत, उपग्रहाचे फोटो मोबाइलवर दिसतात, चालायचं कशाला? ड्रोननं टेहळणी होते हे खरं. पण कानोसा होत नाही.

सर्व्हे कॅम्पला आम्ही कृष्णाकाठच्या एका गावात होतो. ट्रायपॉड लावला तशी एक आजी काठी टेकत आल्या. "काय मोजाय लागलाय गं पोरी? जिमीन जानार हाय व्हय आमची?" मी म्हटलं, "नाही आजी, कॉलेजचं काम आहे, शिकतोय आम्ही." त्यांनी दोन मिनिटं आमच्याकडं निरखून बघितलं. मग हात धरून देवळापाशी नेलं आणि काठीनं पायरी दाखवली. "ह्या पायरीपतूर पानी आलतं बघ. आन् त्याच्या आदल्या पुरात तितं, खाली." आमच्या शीटवर ती पायरी नव्हती. पुस्तकात लिहिलेलं असतं, की पुलाच्या जागेची पहिली पाहणी करताना सर्वोच्च पूरपातळी गावातल्या जुन्या लोकांना विचारावी आणि खुणा तपासाव्यात. त्या ओळीचा अर्थ मला त्या पायरीवर कळला.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पूल 1929 चा. पावसाळ्यात सगळं शहर त्याच्या पाण्याच्या फुटांत बोलतं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. ऑगस्ट 2019 मध्ये तिथं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. 2005 चा पूर पाहिलेले लोक तेव्हा शहरात होतेच, आणि आजही आहेत. नवीन प्लॉट घेणाऱ्यानं, घर बांधणाऱ्यानं, आणि उद्या तुम्ही-आम्ही त्याचं डिझाइन करणाऱ्यांनी, आधी जाऊन शेजारच्या आजोबांना 'पाणी कुठवर आलं होतं?' एवढं विचारलं तरी ती चांगली रेकी आहे. त्याला अवजार लागत नाही.

शब्द बदनाम झाला की

आता थोडं गंभीर. रेकी हा शब्द फक्त गुन्ह्याच्या बातम्यांतच वाचायची सवय लागली, की दुसरीच अडचण उभी राहते. गावात अनोळखी माणूस दिसला, कुणाला काही विचारताना दिसला, की 'रेकी करतोय' असा मेसेज फिरतो. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. ते पंढरपूरकडं निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढंच. ते चौघे वाचले. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तशाच अफवेवरून पाच जणांचा जीव गेला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यातले बहुतेक जतच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले होते.

फिरणाऱ्या माणसावर संशय घेणं जुनंच आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून पूर्ण जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण नजर लगेच बदलत नाही. आणि गोष्टी सांगताना मात्र आपण मोठ्या कौतुकानं सांगतो, की बहिर्जी नाईक कधी गोसावी व्हायचे, कधी फकीर व्हायचे! गोष्टीतल्या गोसाव्याचं कौतुक आणि रस्त्यावरच्या गोसाव्याला दगड, हे बरोबर नाही.

म्हणून शब्द नीट वापरावेत असं मला वाटतं. रस्ता विचारणारा माणूस चौकशी करतो. भिक्षेकरी फिरतो. सर्व्हे करणारा पाहणी करतो. खरोखर कुणी घरावर नजर ठेवून असेल तर त्याला 'पाळत' हा शब्द आहे, आणि ते पोलिसांना सांगायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. आपल्या बाजूनंही एक पथ्य पाळावं. कुठल्याही गावात मोजायला किंवा फोटो काढायला जाताना आधी सरपंचांना किंवा ग्रामपंचायतीत सांगावं, ओळखपत्र गळ्यात असावं, आणि कुणी विचारलं तर इंग्रजीत 'सर्व्हे' न म्हणता नीट मराठीत उत्तर द्यावं. आपली रेकी लपून करायची नाही. ती जेवढी उघड, तेवढी माहिती जास्त मिळते.

वापरायचा कसा?

चांगल्या अर्थानं हा शब्द वापरायला जागा पुष्कळ आहेत. सिनेमावाले शूटिंगच्या आधी 'लोकेशन रेकी' करतात. वाईजवळच्या मेणवलीला 'स्वदेस' (2004) चं शूटिंग झालं, तेव्हा तिथला घाट आणि वाडा आधी कुणीतरी हेरलाच असणार. ट्रेकवाले मोठा ग्रुप नेण्याआधी दोघांना पाठवतात. वासोट्याला जायचं असेल तर बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी, पाणी कुठं भरायचं, परतीची वेळ, हे सगळं दोघं आधी बघून आले तर बाकीच्या साठ जणांचे हाल होत नाहीत. गॅदरिंगच्या आधी हॉलमध्ये प्लग पॉइंट किती आहेत ते मोजून येणं हीसुद्धा रेकीच.

जाण्याआधी चार प्रश्न वहीत लिहा. नेमकं काय बघायचं? कुणाला विचारायचं? केव्हापर्यंत परत यायचं? आल्यावर कुणाला सांगायचं? चारही उत्तरं नसतील तर निघू नका.

आता थोडा स्वाध्याय. गाळलेल्या जागा भरा.

1. पूर ओसरल्यावर तहसीलदारांनी गावाची ......... केली.
2. पेपर सोपा की अवघड याचा आम्ही स्टाफरूमबाहेर ......... घेतला.
3. संशयिताच्या घरावर पोलिसांनी आठवडाभर ......... ठेवली.
4. रात्री दीड वाजता रेक्टर मॅडमची ......... असते.
5. फर्स्ट इयरमधली एक चांगली बॉलर सीनियर्सनी टीमसाठी ......... .
6. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या आधी दोघी जाऊन कंपनीचं गेट, बस थांबायची जागा आणि जेवणाची सोय बघून आल्या. त्यांनी ......... केली.

उत्तरं : पाहणी, कानोसा, पाळत, गस्त, हेरली, रेकी.

सहापैकी सहा आले असतील तर अभिनंदन. पाच आले असतील तरी हरकत नाही, चौथ्या वाक्यातल्या गस्तीला फक्त सापडू नका! आणि परीक्षेत रिकॉनिसन्सची शॉर्ट नोट आली तर बॅरोमीटर आणि क्लिनोमीटरच्या खाली एक ओळ आठवणीनं लिहा, 'गावातल्या जुन्या माणसांना विचारावे'. त्याला अर्धा मार्क मिळेलच असं नाही, पण पूल बांधायची वेळ येईल तेव्हा ती ओळ उपयोगी पडेल.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)